उरलेल्या खाऱ्या पाण्याचे काय करायचे?

घरात जुना तांब्याचा बंब असेल तर त्याच्या आत एकदा हात फिरवून पाहा. बंब नसेल तर ज्या पातेल्यात रोज पाणी तापते ते पातेले पाहा. आत पांढरट, खरखरीत थर हाताला लागेल. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात हा थर सापडला नाही तरच नवल. आता त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. बारीक बुडबुडे फसफसून वर येतील. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, आणि तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. नांगराच्या फाळाबरोबर वर येणारे चुनखडीचे खडे आणि देवघरातील संगमरवराची फरशी हीदेखील याच पदार्थाची रूपे. फळ्यावर लिहिण्याचा खडू मात्र आजकाल बहुधा जिप्समचा असतो. या जिप्समची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे, म्हणून ते नाव ध्यानात ठेवा.

आता घरातून बाहेर पडू. तुमच्या गावात नाणे टाकले की जार भरून देणारे पाण्याचे यंत्र असेल. तुम्ही समोरच्या तोटीखाली जार लावता आणि गोडे पाणी घेऊन घरी जाता. पुढच्या खेपेला जरा त्या खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. भिंतीतून एक नळी बाहेर आलेली असते आणि यंत्र चालू असेपर्यंत तिच्यातून पाणी गटारात पडत असते. हे पाणी कोणते? ते वाया का जाते? आणि ते कमी करता येईल काय? या नळीचा आणि तुमच्या बंबातील पांढऱ्या थराचा फार जवळचा संबंध आहे. तोच आज पाहायचा आहे.

यंत्राच्या आत

काही पटले अशी असतात की त्यांतून पाणी आरपार जाते, पण पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ जात नाहीत. अशा पटलाच्या एका बाजूला शुद्ध पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी ठेवले, तर शुद्ध पाणी आपण होऊन खाऱ्या बाजूला जाऊ लागते. याला तर्षण म्हणतात. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात त्या यामुळेच. पण खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला तर प्रवाह उलटा फिरतो, आणि खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी पिळून बाहेर काढता येते. म्हणून हे ‘उलट तर्षण’. आर.ओ. ही त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.

हे व्यवहारात उतरवणारे पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केले. सौरीराजन हे भारतीय. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावात असे पहिले संयंत्र गावाला पाणी देऊ लागले. गंमत अशी की कोलिंगा समुद्रकाठी नाही. तेथील जमिनीखालचे पाणीच मचूळ होते, आपल्याकडच्या कितीतरी गावांसारखे.

पटलातून पाणी निघून जाते आणि क्षार मागे राहतात. ते तेथेच राहिले तर काम थांबेल, म्हणून त्यांना वाहून नेण्यासाठी थोडे पाणी सतत बाहेर सोडावे लागते. गटारात पडणारे ते हेच पाणी. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली जगभरच्या सुमारे १६ हजार संयंत्रांचा हिशेब मांडला. त्यात रोज ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी मिळते आणि १४.२ कोटी घनमीटर खारे पाणी उरते, असे दिसले. म्हणजे मिळते त्याच्या दीडपट टाकले जाते.

मग आणखी का पिळू नये?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. निम्मे पाणी टाकून देण्यापेक्षा पंप जोरात चालवावा आणि आणखी पाणी काढावे! समुद्राच्या बाबतीत याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा तर्षण-दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो. निम्मे पाणी काढून घेतले की उरलेले दुप्पट खारट होते आणि हा दाबही दुप्पट होतो. पंप, नळ्या, पटले यांना हे झेपण्याची मर्यादा लवकर येते. चेन्नईजवळची मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) ही रोज १० कोटी लिटरची संयंत्रे असोत, की मुंबई महापालिकेने मनोरीसाठी आखलेली, पहिल्या टप्प्यात रोज २० कोटी लिटरची योजना असो, सर्वांना हा नियम सारखाच.

पण आपल्या विहिरीचे काय? समजा, तिच्या एका लिटरात १५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे.) या पाण्याचा तर्षण-दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम एक पट. चारपट दाट केले तरी चार पट. म्हणजे दाबाच्या दृष्टीने भरपूर वाव आहे. तरीही यंत्रवाला जास्त पाणी काढायला धजत नाही, याचे कारण दाब नव्हे. कारण आहे तुमच्या बंबातला थर.

कसे ते पाहू. एक लिटर पाण्यात किती साखर विरघळेल? जवळजवळ दोन किलो. मीठ? सुमारे ३६० ग्रॅम. जिप्सम? अवघे अडीच ग्रॅम. आणि कॅल्शियम कार्बोनेट? शुद्ध पाण्यात सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी! पाणी दाट होत जाते तेव्हा सगळे क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. ज्याची विद्राव्यता सर्वांत कमी, तो आधी बाहेर पडतो. मिठाला अजून शेकडो पट जागा असते, पण चुनखडीची जागा संपलेली असते. एक अडला की सगळा कारभार अडतो.

येथे चौकस वाचक विचारील की, १५ मिलिग्रॅमच विरघळते तर आमच्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात शेकडो मिलिग्रॅम आले कोठून? हे काम कार्बन डायऑक्साइडचे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून आलेला हा वायू त्यात विरघळतो. असे किंचित आम्ल पाणी चुनखडीला आणि काळ्या बेसॉल्ट खडकातील कॅल्शियमला बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेते. पाणी तापवले की वायू उडून जातो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि ते भांड्याला चिकटते. आर.ओ. यंत्रात पाणी तापत नाही, पण दाट होते. परिणाम तोच.

एस.टी.च्या दाराशी गर्दी कशी होते ते आठवा. आत शिरणारे शिरतात, आणि ज्यांना आत जाता येत नाही ते दाराशीच अडून राहतात. गाडीपासून दहा पावलांवर रिकामी जागा असते, पण दाराशी पाय ठेवायला जागा नसते. पटलाशीही असेच होते. पाणी पलीकडे जाते आणि क्षार पटलाच्या अगदी लगत दाटतात. सबंध पाणी संपृक्त होण्याआधीच ही पातळ लगतची पट्टी अतिसंपृक्त होते आणि पहिला स्फटिक नेमका पटलावर बसतो. एक बसला की त्याच्या शेजारी दुसरा. एकदा एका विद्यार्थ्याने फेकून दिलेल्या पटलाची गुंडाळी कापून वर्गात आणली होती. उलगडल्यावर आतल्या जाळीवर पांढरी रवाळ पूड दिसत होती. लिंबू पिळल्यावर काही भागात ती फसफसली, काही भागात ढिम्म राहिली. फसफसली ती चुनखडी. ढिम्म राहिला तो बहुधा जिप्सम किंवा सिलिका, आणि तो भाग अधिक त्रासदायक, कारण साध्या आम्लाने तो निघत नाही.

हा सारा अनुभव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. लोणी-प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. तुमच्या घरातले कोणी कारखान्यात असेल तर त्यांना विचारा, रस आटवण्याच्या भांड्यांतील नळ्या ठरावीक दिवसांनी बंद ठेवून का साफ कराव्या लागतात? रसात साधारण १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असतात. तो आटवून पाक ६० टक्क्यांवर नेतात. म्हणजे चौपट दाट. नळ्यांच्या आत कॅल्शियमचे क्षार आणि सिलिका यांचा कठीण थर बसतो, वाफेची उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही आणि मग कॉस्टिक सोडा उकळून व ब्रश फिरवून तो काढावा लागतो. चारपट दाट करण्याची किंमत कारखान्याला ठाऊक आहे.

एका गावाचा हिशेब

गावाला रोज ४००० लिटर गोडे पाणी हवे आहे असे समजू. वीस लिटरचे दोनशे जार. विहिरीचे पाणी लिटरला १५०० मिलिग्रॅमचे. पटलातून क्षार मुळीच निसटत नाहीत असे धरले (प्रत्यक्षात थोडे निसटतात), तर हिशेब सोपा आहे.

यंत्र निम्मे पाणी काढत असेल तर विहिरीतून ८००० लिटर उपसावे लागेल आणि ४००० लिटर टाकावे लागेल. त्या टाकलेल्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे रोज १२ किलो क्षार. वर्षाला ४ टनांहून अधिक! पाऊण भाग पाणी काढता आले तर उपसा ५३३३ लिटर आणि टाकायचे १३३३ लिटर. नव्वद टक्के काढता आले तर उपसा ४४४४ लिटर आणि टाकायचे फक्त ४४४. पहिल्याचा नववा भाग. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात रोजचा साडेतीन हजार लिटर उपसा वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण नव्वद टक्के म्हणजे पाणी दहापट दाट. साखर कारखान्याच्या चौपटीलाच एवढा त्रास, तर दहापटीला काय होईल?

थोपवणे आणि काढून टाकणे

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत. पहिला थोपवण्याचा. पाण्यात लिटरला दोन ते पाच मिलिग्रॅम इतके अत्यल्प थररोधक द्रव्य मिसळतात. फॉस्फोनेट किंवा पॉलिॲक्रिलिक आम्ल अशी त्यांची नावे; १९३० च्या दशकात हाच गुण प्रथम पॉलिफॉस्फेटमध्ये आढळला होता. एवढेसे द्रव्य शेकडो मिलिग्रॅम कॅल्शियमला कसे अडवते? ते कॅल्शियम काढून टाकत नाही. नुकत्याच जन्मलेल्या सूक्ष्म स्फटिकाच्या वाढत्या कडांवर जाऊन बसते आणि पुढची वीट रचू देत नाही. तोवर पाणी यंत्राबाहेर गेलेले असते. म्हणजे संकट टळत नाही, लांबते. यंत्रवाल्याला तेवढेच पुरते. या मार्गाने बहुतेक ठिकाणी तीन-चारपटीपर्यंत जाता येते. त्यापुढे जिप्सम आणि सिलिका आडवे येतात.

आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात सिलिकेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात ती बरीच असते. लिटरला ४० मिलिग्रॅम धरली तरी चौपटीला १६० होते, आणि साध्या तापमानाला विद्राव्यतेची मर्यादा सुमारे १२०. एकदा पटलावर सिलिकेचा काचेसारखा थर बसला की तो काढताना नाकी नऊ येतात.

दुसरा उपाय काढून टाकण्याचा, आणि तो फार जुना आहे. १८४१ साली ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी दुष्फेन पाणी सुफेन करण्याच्या एका रीतीचे पेटंट घेतले. त्यांनी पाण्यातील चुना काढण्यासाठी पाण्यात काय घातले असेल? चुनाच! ऐकायला उलटे वाटते, पण समीकरण पाहा:

कॅल्शियम बायकार्बोनेट + भिजवलेला चुना = कॅल्शियम कार्बोनेट (साका) + पाणी

बायकार्बोनेटने ज्या जादा कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर कॅल्शियमला विरघळवून ठेवले होते, तोच चुन्याने बळकावला. मग जुने कॅल्शियमही खाली बसते आणि नवेही. तात्पुरता दुष्फेनपणा असा जातो. कायमच्या दुष्फेनपणासाठी, म्हणजे सल्फेट आणि क्लोराइडसोबतच्या कॅल्शियमसाठी, धुण्याचा सोडा घालतात.

हा प्रयोग घरी करून पाहा. बाटलीभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा चुना घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद दुसऱ्या बाटलीत ओता. (ती डोळ्यांत जाऊ देऊ नका, हे काम मोठ्या माणसांच्या देखत करा.) आता बोअरचे पाणी दोन बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर घ्या. एकीत निवळी थोडी थोडी घाला. साधारण अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी दुधाळ होऊन जाईल. तासाभराने साका बसला की जाड फडक्यातून गाळा. मग दोन्ही पाण्यांत साबणाच्या पाण्याचे थेंब टाकून हलवा आणि टिकाऊ फेस यायला किती थेंब लागले ते मोजा. साबणच घ्या; कपड्याच्या पावडरीने हा प्रयोग फसेल. निवळी गरजेपेक्षा जास्त घातलीत तर थेंबांची संख्या पुन्हा वाढेल. का, ते तुम्हीच सांगा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. सबंध ४४४४ लिटर पाण्यात चुना घालायची गरज नाही. आधी थररोधक वापरून पहिल्या पटलातून जमेल तेवढे पाणी काढा. उरलेले जे दाट खारे पाणी असेल, फक्त त्यावर चुना व सोड्याची प्रक्रिया करा. पाणी थोडे आणि क्षार दाट, त्यामुळे टाकी लहान पुरते आणि साकाही चटकन पडतो. पाणी पुरेसे अल्कधर्मी झाले की मॅग्नेशियमदेखील हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसते, आणि बसताना आपल्या चिकट पुंजक्यांत सिलिकेला ओढून नेते. बेसॉल्टच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि सिलिका दोन्ही असतात. म्हणजे दुखणे आणि औषध एकाच विहिरीत. (मॅग्नेशियम असे खाली बसवण्याची युक्ती मोठ्या प्रमाणावरही वापरली गेली आहे. टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथे १९४१ साली समुद्राच्या पाण्यात चुना मिसळून मिळालेल्या साक्यापासून मॅग्नेशियम धातू काढायला सुरुवात झाली. तो चुना ऑयस्टरचे शिंपले भाजून केलेला होता.) मग पाणी गाळून, थोडे आम्ल घालून त्याचा अल्कधर्म उतरवून ते दुसऱ्या पटलात सोडायचे. आता अडवणारा कॅल्शियम नाही, सिलिका नाही. दोन्ही पटलांचे मिळून नव्वद टक्के पाणी हाती येऊ शकते.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही मजेदार आहेत. पहिली अशी की, आधी घातलेले थररोधक अजून पाण्यातच असते. पटलाजवळ जे द्रव्य मित्र होते ते आता चुन्याच्या टाकीत शत्रू होते, कारण येथे आपल्याला स्फटिक हवे आहेत आणि ते मात्र त्यांना वाढू देत नाही. दुसरी अडचण साक्याची. समीकरणातून हिशेब केलात तर दिसेल की ७४ ग्रॅम भिजवलेल्या चुन्यामागे २०० ग्रॅम साका मिळतो. आणि तो मिळतो चिखलाच्या रूपात, ज्यातले पाणी लवकर निथळत नाही.

दोन्हींवर एक उपाय खडीसाखर करणाऱ्याला विचारावा. तो पाकात दोरा सोडतो. साखरेच्या स्फटिकाला जन्म घेणे अवघड असते, वाढणे सोपे. दोऱ्यावर एक कण चिकटला की पुढचे त्याच्यावर बसत जातात. तसेच टाकीत आधीच्या साक्याचे कण परत सोडले, तर कॅल्शियमला बसायला तयार जागा मिळते आणि थररोधकाचा अडथळा पुष्कळ कमी होतो. नेदरलँड्समध्ये तर उभ्या टाकीत खालून वर पाणी सोडून वाळूचे कण तरंगते ठेवतात. त्यांवर चुनखडीची पुटे चढतात आणि चिखलाऐवजी साबुदाण्यासारखे टणक, कोरडे होणारे गोळे मिळतात. तेथे ही रीत नळाच्या पाण्यासाठी वापरतात. दाट खाऱ्या पाण्यालाही तिचे तत्त्व लागू पडते.

जे उरतेच उरते

चुना आणि सोड्याने काय गेले? कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका. काय गेले नाही? सोडियम आणि क्लोराइड. त्यांची विद्राव्यता इतकी मोठी की कोणत्याही स्वस्त द्रव्याने त्यांचा साका पडत नाही. उलट धुण्याचा सोडा घालून आपण सोडियम वाढवतो. पाण्यात बुडवायचे ते खिशातले टीडीएस यंत्र तुमच्याकडे असेल तर पाहा: सोडा घातलेल्या पाण्याला साबणाचे थेंब कमी लागतील, पण यंत्राचा आकडा उतरणार नाही. ते यंत्र खरे म्हणजे पाण्याची विद्युत संवाहकता मोजते. आयन कॅल्शियमचा की सोडियमचा, हे त्याला कळत नाही.

मातीला मात्र कळते, आणि फार चांगले कळते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला आणि काही वर्षांत दख्खनच्या इतर कालव्यांप्रमाणे येथेही सखल भागातील जमिनी पाणथळ, खारवट आणि चोपण होऊ लागल्या. चोपण जमीन तुम्ही पाहिली असेल: पावसात पायाला चिकटणारी, उन्हात दगडासारखी, वर पाणी साठून राहते आणि खाली मुरत नाही. काळ्या मातीच्या बारीक कणांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवतो आणि कणांच्या पुंजक्यांमधून पाणी व हवा खेळते. त्याची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात आणि भोके बुजवून टाकतात. अशा जमिनीला कृषितज्ज्ञ कोणते औषध सांगतात? जिप्सम, म्हणजे पुन्हा कॅल्शियमच.

आता विचार करा. चुना-सोड्याची प्रक्रिया केलेल्या, कॅल्शियम काढून घेतलेल्या खाऱ्या पाण्यात क्षार तेवढेच असले तरी ते काळ्या मातीला मूळ खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक आहे! पटलासाठी जे पाणी ‘सुधारले’, ते शेतासाठी बिघडले. काही ठिकाणी उरलेले पाणी झाडांना घालण्याचा सल्ला सर्रास देतात. मूळ पाण्याचे क्षार कमी असतील, जमीन निचऱ्याची असेल आणि झाड नारळासारखे खारे पाणी सोसणारे असेल तर ते एक वेळ चालेल. प्रक्रिया केलेल्या पाण्याबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे: ते शेतात जाता कामा नये, गटारातून ओढ्यात जाता कामा नये आणि त्याच विहिरीच्या शेजारी तर मुळीच मुरता कामा नये. विहिरीतून आलेला क्षार विहिरीलाच परत जातो, असे म्हणून काही जण हात झटकतात. पण क्षाराबरोबर आलेले पाणी परत गेलेले नसते, ते गावाने पिऊन टाकलेले असते.

आणखी एक रोकडी गोष्ट. दोनशे जारांच्या एकेका यंत्राला चुन्याची टाकी, गाळणी, दुसरे पटल आणि रोज पाणी तपासणारा माणूस परवडणार नाही. सात-आठ गावांचे पाणी एके ठिकाणी होत असेल किंवा औद्योगिक वसाहतीसारखा मोठा वापर असेल, तेथे हे सारे जमण्यासारखे आहे. लहान यंत्राने थररोधकावर पाऊण भागापर्यंत जावे आणि पटलाकडे लक्ष ठेवावे, एवढे पुरे. घरगुती यंत्रे तर याहून पुष्कळ कमी पाणी काढतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली किमान ६० टक्के पाणी मिळालेच पाहिजे असे सांगितले ते त्यामुळेच.

शेवटच्या ४४४ लिटरांचे काय? त्याला आपल्या जिल्ह्यात एक साधन तयार आहे: ऊन. प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी तुम्ही पाहिली आहेत. तसेच एक उथळ, न गळणारे तळे करायचे आणि पाणी उन्हावर सोडून द्यायचे. पाऊस वजा जाता वर्षाला निव्वळ एक मीटर उंचीचे पाणी उडते असे धरू. निम्मे पाणी टाकणाऱ्या यंत्राचे वर्षाचे खारे पाणी होते १४६० घनमीटर. म्हणजे तळ्याला १४६० चौरस मीटर, साडेचौदा गुंठे जमीन हवी. एवढी जमीन यासाठी कोण देईल? नव्वद टक्क्यांच्या यंत्राचे पाणी होते १६२ घनमीटर. त्याला दीड गुंठ्याहून थोडी अधिक जागा पुरते. त्या तळ्याच्या तळाशी वर्षाअखेर साधारण बोटाच्या जाडीचा पांढरा थर साठेल. तो स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात सल्फेट, नायट्रेट आणि उरलीसुरली औषधेही असतील. पण तो कोरडा असेल, फावड्याने उचलता येईल आणि पोत्यात भरून वजन करता येईल.